दवाखान्याले टोकन भेटलं

औषधाच्या प्रत्येक पाकिटावर तारीख असते. तारीख उलटली की कंपनी माल परत घेते. किस्से मात्र कोणतीच कंपनी परत घेत नाही, त्यामुळे माझ्या मेडिकलमध्ये वीस वर्षांचा स्टॉक पडून आहे.

दुकान आमच्या गावच्या सरकारी दवाखान्यासमोर. गाव भंडारा जिल्ह्यातलं. नाव सांगत नाही, कारण यातले अर्धे लोक अजून माझ्याकडूनच गोळ्या नेतात आणि उरलेले अर्धे नात्यातले आहेत. दुकानापुढे सिमेंटचा बाक आहे. त्या बाकावर वर्षातून तीनदा बजेट मांडलं जातं. फेब्रुवारीत दिल्लीचं, मार्चमध्ये मुंबईचं, आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात सगळे धानाच्या बोनसची वाट पाहत असतात तेव्हा तिसरं. सभागृहात मतदान होतं, बाकावर होत नाही. शालिक गुरुजी जे म्हणतील ते पास. गुरुजी रिटायर्ड आहेत, गणित शिकवायचे, आणि पेपर पहिल्या पानापासून टेंडर नोटिसांपर्यंत वाचतात.

बाकावरचा दुसरा सदस्य हिरामण. त्याच्याकडे मुरमुऱ्याची भट्टी आहे, चार बांध्यांची धानशेती आहे आणि पुस्तकला नावाची बायको आहे. पुस्तकलावहिनींच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, तेव्हापासून आठवड्यातून दोनदा भंडाऱ्याला डायलिसिस. एसटीनं जाताना अडीच तास, येताना अडीच तास, मशीनवर चार. म्हणून बजेट दिल्लीचं असो की मुंबईचं, हिरामण त्यात एकच गोष्ट ऐकायला बसतो. आपल्या दवाखान्यात ती मशीन येणार का?

मी जे सांगतो त्यातलं बारा आणे खरं असतं. उरलेले चार आणे कोणते, ते माझ्या बायकोलाही अजून सापडलेले नाहीत.

*

बजेटच्या दिवशी दुकानातला टीव्ही मी बाकाकडे फिरवून ठेवतो. एका वर्षी भाषण रंगात आलं होतं. अर्थमंत्र्यांच्या तोंडून "तंबाखूजन्य पदार्थांवर..." एवढंच निघालं आणि लाइन गेली.

आमच्याकडे एक वेळ जेवण चुकेल, खर्रा चुकत नाही. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटायचा आणि दिवसभर गालात ठेवायचा. दहा मिनिटांत जगनच्या पानठेल्यावर गर्दी. लाखांदूर रस्त्यावरच्या गावांतून लोक मोटारसायकली काढून आले. एकानं हेल्मेट भरून खर्रा नेला. आमच्याकडे हेल्मेट वापरात आलेलं मी तेवढंच पाहिलं.

इकडे बाकावर हिरामण बंद टीव्हीसमोर तसाच बसलेला. मला म्हणतो, "विजूभाऊ, दवाखान्याचं सांगून झालं होतं का गा, का राह्यलं?"

दोन तासांनी लाइन आली. तंबाखूच्या करात काही बदल नव्हता. दवाखान्याचंही काही नव्हतं.

पुढल्या वर्षी आदल्या दिवशी जगन दुकानात आला. "विजूभाऊ, उद्या बजेट किती वाजता हाय?"

"अकरा वाजता."

"आन् लाइन?"

*

वहिनी आजारी पडल्या त्या वर्षी त्यांचं भट्टीवर उभं राहणं बंद झालं. तीस वर्षं त्या मुरमुरे चाळायच्या. आता दिवसभर खाटेवर बसून राहायच्या आणि म्हणायच्या, "मी आता कोन्या कामाची नाही उरली." हिरामणनं त्यावर फार विचार केला आणि भंडाऱ्याहून लेबलं छापून आणली. मधोमध वहिनींचा लग्नाच्या वेळचा फोटो, खाली 'पुस्तकला मुरमुरे'. पाकिटं बाजारात निघाली.

पुढच्याच महिन्यात गुरुजींनी पेपरातून बातमी काढली. सुट्या मुरमुऱ्यावर टॅक्स नाही, पण पाकीट बांधून लेबल लावलं तर जीएसटी.

हिरामणनं तीनदा वाचायला लावलं. मग म्हणाला, "गुर्जी, मुरमुरा तोच हाय. फक्त वरतं पुस्तकला हाय."

"हो."

"म्हनजे टॅक्स मुरमुऱ्यावर नाही, पुस्तकलावर हाय?"

गुरुजी विचार करून म्हणाले, "कायद्याच्या भाषेत तसं म्हणता येईल."

हे वहिनींच्या कानावर गेलं. मला वाटलं, वाईट वाटेल. त्या खाटेवर ताठ बसल्या आणि म्हणाल्या, "पाहा भाऊजी. माहेरी कोनी मले एवढं महाग नाही धरलं."

लेबल लावलेली पाकिटं परवडेनात. उरलेली लेबलं फेकवत नव्हती, म्हणून हिरामणनं ती घराच्या भिंतीला लावून टाकली, खालपासून छतापर्यंत. तुम्ही पाणी प्यायला गेलात तरी समोर वहिनी, बाजूला वहिनी. वहिनी हिरामणकडे बोट दाखवून म्हणतात, "एकटी मी यायले जड जात होती. आता भितभर करून ठेवली."

*

औषधांवरचा टॅक्स कमी झाला तेव्हाची गोष्ट. तारीख जाहीर झाली होती आणि त्या तारखेपर्यंत गावात कोणी आजारी पडायला तयार नव्हतं. एका गिऱ्हाइकानं मला विचारलं, खोकला सोमवारपर्यंत तसाच ठेवला तर चालेल का. मी म्हटलं, तुला जमत असेल तर ठेव, मला काही अडचण नाही.

सोमवारी नव्या भावाच्या गोळ्या लावल्या. पहिल्या गिऱ्हाईक भागरताआजी. गुडघ्याची गोळी कायमची. मी म्हटलं, "आजी, भाव उतरला."

आजींनी पाकीट उलटंपालटं केलं. "काहून उतरला?"

"सरकारनं टॅक्स कमी केला."

"मले नोको सस्त्याची. पह्यलेचीच दे. माहं दुखनं काही कमी झालं नाही."

गुरुजींनी बाकावरून समजावलं की आजी, गोळी तीच आहे, आतला माल तोच आहे. आजी म्हणाल्या, "गुर्जी, तुमाले पेन्शन भेटते, तुमी सस्त्याची खा."

शेवटी मी मागच्या फडताळातून जुन्या छापाचं पाकीट काढलं आणि नव्या भावानं दिलं. आठ दिवसांनी आजी बाकापुढून चालत गेल्या. काठी न घेता. गुरुजींकडे पाहत पाहत.

*

एसटीत बायांना अर्धं तिकीट झालं तो दिवस वहिनींच्या डायलिसिसचा होता. कंडक्टरनं दोन तिकिटं फाडली. हिरामणचं पूर्ण, वहिनींचं अर्धं.

वहिनींनी तिकीट पाहिलं. "माहं अर्धच काहून?"

"सरकारनं केलं मावशी. बायांले अर्धं."

"अर्धं तं लेकराले असते ना?"

"हो."

"मंग मले खिडकी पायजे."

खिडकीत एक गृहस्थ बसले होते, नागपूरच्या कोर्टात निघालेले, मांडीवर फायली. कंडक्टरनं त्यांना उठवलं. म्हणाला, "उठा साहेब, लेकराची खिडकी हाय." ते उठले. त्या दिवसापासून ती खिडकी वहिनींची. जाताना त्या बाहेर पाहत जातात आणि कोणाच्या बांधीत धानाचा रोवणा झाला, कोणाचा राहिला, ते मोजत असतात. येताना मशीननं सगळा जीव काढून घेतलेला असतो, तेव्हा काचेला डोकं टेकून झोपतात. हिरामण काच आणि कपाळ यांच्यामध्ये आपला हात ठेवतो. अडीच तास.

एकदा मी त्याला म्हटलं, "अरे, उशी घेऊन जात जा ना."

तो म्हणाला, "उशी घसरते."

*

आणि मग ते टोकन आलं.

मुंबईचं बजेट होऊन चार दिवस झाले होते. गुरुजींनी पेपर वाचता वाचता चष्मा काढला, पुसला, परत लावला. जिल्ह्याच्या पानावर खाली बारीक बातमी होती. आमच्या दवाखान्याचं नाव, पुढे 'डायलिसिस केंद्र', पुढे 'टोकन तरतूद'.

हिरामण उठून उभा राहिला. "दवाखान्याले टोकन भेटलं?"

"असं लिहिलं आहे," गुरुजी म्हणाले.

आता बाहेरच्या माणसाला हे कळायचं नाही. आमच्याकडे टोकन म्हणजे धान खरेदी केंद्रावरचं. सातबारा दाखवला, नाव लागलं, नंबर मिळाला की निम्मं काम झालं. मग आज ना उद्या तुमच्या धानाचा काटा होणारच. फक्त एक करायचं, रांग सोडायची नाही. माणूस चोवीस तास उभा राहू शकत नाही, म्हणून रांगेत आपली वस्तू ठेवतात. कोणाची चप्पल, कोणाची घमेली, कोणाचा रिकामा बारदाना. त्या वस्तूला माणसाइतकाच मान. कोणी ती सरकवली की मारामाऱ्या होतात.

हिरामणनं त्या दिवशी बाकावर सगळ्यांना पेढे वाटले. मग सरळ दवाखान्यात गेला आणि बाबूला म्हणाला, "आमचा नंबर कितवा?"

बाबू म्हणाला, "कशाचा?"

"मशीनचा. टोकन आलं ना."

बाबूनं कपाळाला हात लावला. "अजून काहीच आलं नाही काका. वाट पाहा."

"मंग मी पह्यला," हिरामण म्हणाला. मागच्या व्हरांड्यात एक बंद खोली होती, मशीन आलीच तर तिथे बसणार असं सगळे म्हणत. त्यानं गळ्यातला दुपट्टा काढला आणि त्या खोलीच्या दारापुढे घडी करून ठेवला.

*

गुरुजींचा जावई जवाहरनगरला फॅक्टरीत आहे, हिशेबाच्या खात्यात. रविवारी सासुरवाडीला आला. गुरुजींनी त्याला विचारलं. तो हसला आणि मग गुरुजींचा चेहरा पाहून हसायचा थांबला.

"बाबा, टोकन तरतूद म्हणजे नावापुरते हजार रुपये. दार उघडं राहावं म्हणून ठेवतात. खरे पैसे हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागणीत येतात. कोणी गरज दाखवली तर. नाही दाखवली तर हजारच."

गुरुजी दोन दिवस बाकावर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते हिरामणच्या बाजूला बसायला कचरले. मला हळूच म्हणाले, "विजू, हे मी त्याला कसं सांगू? पेढा खाल्ला आहे मी."

आम्ही ठरवलं, कोणी सांगायचं नाही.

आठवडाभरात वहिनी दुकानात आल्या, लोहाच्या गोळ्या न्यायला. आजूबाजूला कोणी नाही पाहून म्हणाल्या, "भाऊजी, टोकन म्हनजे हजार रुपये ना?"

मी आयुष्यभर थापा मारल्या, पण त्या वेळी एकही सुचली नाही.

"भंडाऱ्याच्या सिस्टरनं सांगतलं," वहिनी म्हणाल्या. "यायले सांगू नोका हं."

"नाही सांगत वहिनी. आशेवर आहे बिचारा."

"आशेचं नाही वो. दिवसभर माह्या तोंडाकडे पाहत बसतेत. जेवली का, पानी किती पेली, पाय सुजले का. आता सकार-संध्याकार रांग पाह्याले जातेत, तेवढ्या येरात मले झोप लागते."

*

पण गुरुजींना ते ओझं पेलवलं नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी हिरामणला बाजूला घेतलं आणि सगळं सांगून टाकलं. हजार रुपये, पुरवणी मागणी, उघडं दार, सगळं. वर म्हणाले, "मी आधीच सांगायला पाहिजे होतं. माझी चूक झाली."

मी दुकानातून पाहत होतो. हिरामण खाली मान घालून ऐकत राहिला. मग त्यानं विचारलं, "गुर्जी, तुमी कधी धान नेलं का केंद्रावर?"

"नाही."

"टोकनवर रक्कम कोनी पाहत नाही गुर्जी. नंबर पाहतेत."

आणि तो उठला, रांग पाहायला गेला.

तोपर्यंत ती खरोखर रांग झाली होती. त्याच्या दुपट्ट्यामागे एक छत्री आली. एका पोरीनं आपल्या बापासाठी ठेवलेली. मग पाण्याचा पितळी गडवा. मग एका नवऱ्याचा डबा, बायकोच्या नावानं. आसपासच्या गावांतले जेवढे लोक एसटीनं भंडाऱ्याला मशीनवर जात होते, त्यांच्यात ही बातमी बसमध्येच पसरली. वाटेत उतरून ते एक एक वस्तू ठेवून गेले. झाडू मारणारी मावशी रोज सगळ्या वस्तू उचलायची, फरशी पुसायची आणि त्याच क्रमानं परत ठेवायची. मोजल्या तर अकरा.

*

मशीन आली का, ते आधी सांगून टाकतो, नाही तर तुम्ही मला पुढचं नीट सांगू देणार नाही. आली. दोन आल्या. वहिनी आता घरून पायी जातात. सात मिनिटं लागतात. हिरामण सोबत असला तर अर्धा तास, कारण तो वाटेत भेटेल त्याला थांबवून सांगतो की आम्ही डायलिसिसला जाऊन राहिलो.

सांगायचं आहे ते पाहणीला साहेब आले त्या दिवसाचं.

अधिवेशनाच्या आधी नागपूरहून साहेब येणार, असा बाबूला फोन आला. बाबू धावत दुकानात. म्हणाला, "विजूभाऊ, फायलीत लिहिलं आहे, रुग्णसंख्या अपुरी. आपले सगळे पेशंट भंडाऱ्याच्या रजिस्टरात आहेत. आपल्या रजिस्टरात एकही नाही. साहेब पाहतील आणि बंद करतील."

मी म्हटलं, "रजिस्टर नाही तर रांग दाखव."

रांगेत अकराच वस्तू होत्या. साहेबांच्या गाडीला यायला तास होता. मी तुमच्यापाशी खोटं बोलणार नाही. मी घरी गेलो आणि पाच वस्तू आणल्या. वडिलांच्या जुन्या वहाणा, बायकोची तेलाची बरणी, एक टॉर्च, बिनदांड्याचं फावडं आणि माझी स्वतःची नवी टोपी. रांगेच्या शेवटी लावून दिल्या. सोळा झाल्या.

साहेब आले. बारीक माणूस, कमी बोलणारा, हातात फाइल. व्हरांड्यात येऊन थांबले. "हे काय आहे?"

बाबू म्हणाला, "रांग आहे साहेब. मशीनची."

"मशीन कुठे आहे?"

"रांग आधी आली साहेब."

साहेबांनी सोळा वस्तू मोजल्या, बोट न दाखवता, नुसत्या डोळ्यांनी. मग म्हणाले, "मालकांना बोलवा. ज्याची वस्तू, त्यानं तिच्याजवळ उभं राहायचं."

निरोप आधीच गेला होता, लोक आवारातच होते. दुपट्ट्याजवळ हिरामण आणि स्टुलावर वहिनी. छत्रीजवळ ती पोरगी, बापाला धरून. गडव्याजवळ एक म्हातारबा. असे करत अकरा वस्तूंजवळ माणसं उभी राहिली. पुढल्या पाच वस्तूंजवळ कोणीच नाही.

"या पाच कोणाच्या?"

गुरुजी छताचे वासे मोजू लागले. बाबू गेटाकडे पाहू लागला. मी पुढे होऊन काही तरी बोलणार होतो, पण माझीच टोपी समोर पडलेली होती, आणि ती माझ्याकडे बघते आहे असं मला वाटलं.

साहेबांनी पुन्हा विचारलं, "कोणाच्या आहेत या?"

तेव्हा वहिनी स्टुलावरून म्हणाल्या, "साहेब, ते लोक अजून बिमार नाही पडले. पन पडतीन तं त्यायचा नंबर असावा."

साहेबांनी एकदा वहिनींकडे पाहिलं. मग त्यांनी फाइल उघडली, उभ्या उभ्या दोन ओळी लिहिल्या, सही केली आणि बंद केली. काय लिहिलं ते बाबूलाही दिसलं नाही.

गाडीकडे निघाले. चार पावलं गेले आणि परत आले. खिशातून रुमाल काढला, चौघडी केली, खाली वाकले आणि माझ्या टोपीच्या मागे ठेवला.

बाबू मागून धावला. "साहेब, तुमचा रुमाल राहिला."

साहेब म्हणाले, "राहू द्या."

गाडी गेली. हिरामण अंगणात गेला, हातात मावेल एवढा एक गोटा शोधून आणला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून त्या रुमालावर ठेवला.